फिजीला जाताना घ्यायची काळजी

मंडळात कुणी ऑस्ट्रेलियाकडे निघालं आणि वाटेत फिजीला उतरायचा बेत असला, की मला फोन येतो. काका, तिकडे काय काय सांभाळायचं? मी स्वतः फिजीत पाऊल टाकलेलं नाही. गेली होती माझी बायको, आणि ती मेली त्याला आता दोन हिवाळे झाले. पण ती जायच्या आधी सगळी चौकशी मी केली होती, म्हणून मला विचारतात.

मी सांगतो. मलेरिया तिथे नाही, पण तिथला डास दिवसा चावतो आणि त्या तापात हाडं मोडून निघतात, तेव्हा भर उन्हातही हातपाय झाकून फिरा. पाणी शहरात ठीक, खेड्यात उकळून. समुद्रात अनवाणी शिरू नका, प्रवाळ कापतं आणि ती जखम चिघळत बसते. खडकाजवळचा मोठा मासा कुणाहीकडून घेऊ नका, काहींत विष असतं, ते शिजवूनही जात नाही. गावात शिरताना टोपी काढा आणि कुणाच्या डोक्याला हात लावू नका. एवढं ऐकलं की लोक खूश होऊन फोन ठेवतात. मारामारीचं कुणी विचारत नाही. ते मी आता लिहून काढतो. माझं शिक्षण चौथी, तेव्हा चुकलं तर चुकलं.

मी विलायतेत हीथ्रोच्या विमानतळावर लोडर होतो. विमानाच्या पोटात गुडघ्यांवर सरकत बॅगा रचायच्या, हे माझं काम. ही विमानातल्या जेवणाच्या किचनमध्ये ट्रे भरायची. घर हाउन्सलोत, डोक्यावरून दर मिनिटाला विमान. आम्हाला मूल नाही. हिला सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटी बहीण. तिचा नवरा मास्तर. तिकडे शाळेत नोकरी मिळाली म्हणून साताऱ्याहून फिजीला गेला, आणि काही वर्षांनी तिथेच हार्टने मेला. मेहुणी परत आली नाही. लौटोका म्हणून गाव आहे, तिथे तिने शिलाईचं दुकान घातलं.

सत्याऐंशी साली फिजीत लष्कराने सरकार पाडलं. एकदा पाडलं, मग काही महिन्यांनी पुन्हा पाडलं. तिथल्या आपल्या हिंदुस्थानी लोकांची दुकानं फोडायला लागले. इथे टीव्हीवर त्याचं अर्धं मिनिट दाखवायचे, मग क्रिकेट.

आणि मेहुणीचा फोन आला. हिने तिचा आवाज ओळखलाच नाही. पुढचे दात गेले होते, शब्द हवेत फुटत होते. दुकानात पाच-सहा जण शिरले. काच फोडली, कापडाचे गठ्ठे गटारात फेकले, शिलाईचं मशीन उचललं. हिच्या बहिणीने मशीन धरलं, सोडेना. मग एकाने फळकुटाने तिच्या मनगटावर मारायला सुरुवात केली. मनगट मोडेपर्यंत मारलं. मनगट मोडलं तेव्हा मशीन सुटलं. दात कधी गेले ते तिला आठवत नव्हतं.

हिने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी जाते आणि तिला घेऊन येते."

"वेडी आहेस का? तिकडे आपल्या माणसांना शोधून मारताहेत."

"आणि इथे काय ओवाळताहेत?"

यावर माझा हात माझ्या डाव्या कानाकडे गेला. त्याच्या काही वर्षं आधी सकाळची शिफ्ट करून बसस्टॉपवर उभा होतो, स्वच्छ ऊन, माझ्या हातात डबा. तीन मुंडणवाले गोरे आले. एकाने माझाच डबा घेऊन माझ्या कानावर हाणला. स्टीलचा डबा, त्याला पोचा आला, मग कानाचं काय झालं असेल. तेव्हापासून तो कान नुसता शोभेला. गल्लीच्या टोकाला एका घराच्या लेटरबॉक्समधून पेटत्या चिंध्या आत टाकल्या होत्या, जिना जळाला. तेव्हापासून आमच्या दाराच्या लेटरबॉक्सवर मी आतून फळी ठोकलेली. पोस्टमन दार वाजवायचा आणि रोज शिव्या घालायचा. ही पर्समध्ये लाल तिखटाची पुडी ठेवायची. वापरली एकदाच, पण धडपणे वापरली.

तरी मी चौकशी केली. ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो, सरकारी सूचना काय आहेत ते त्याच्याकडून मागून आणलं. जीपीकडे, म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे, नेऊन हिला सुया टोचून घेतल्या. एक कमरेखाली टोचली, ती म्हणे काविळीची. त्या दिवशी ही उभ्याने जेवली आणि मला म्हणाली, "तिकडचे मारतील तेव्हा मारतील, तुम्ही इथूनच सुरुवात केलीत." मग संध्याकाळी सूचनांचा कागद मी तिला वाचून दाखवला. इंग्रजी मी अडखळत वाचतो, पण वाचतो.

"अंधार पडल्यावर बाहेर पडू नये."

"बरं."

"टोळक्याने उभ्या असलेल्या पोरांपासून लांब राहावं."

"बरं."

"पबच्या आसपास थांबू नये. पोलिसांशी, सैनिकांशी वाद घालू नये. आपण कुठल्या समाजाचे ते उगाच उठून दिसेल असं वागू नये."

ती पोट धरून हसायला लागली. "अहो, हा कागद फिजीचा आहे की हाउन्सलोचा? वीस वर्षं हेच करतोय की आपण! मी पास आहे यात. तिकीट बघा."

तिकिटाचं असं. आम्हा एअरपोर्टवाल्यांना नावापुरत्या पैशात स्टँडबाय मिळतं. विमानात जागा उरली तर बसायचं, नाही उरली तर बॅग उचलून घरी. उन्हाळ्यात लोक मुलाबाळांसकट चार-चार दिवस खेटे घालतात. आमच्या हिशोबाने हिलाही खेटे घालावे लागणार होते. पण पहिल्याच दिवशी जागा मिळाली. लॉस एंजेलिसच्या पुढचं विमान तर जवळजवळ मोकळंच आहे, असं काउंटरवरची बाई म्हणाली. टूरिस्ट सगळे घाबरून घरी बसले होते. ही खूश, मीही खूश. बहिणीसाठी येतानाचं मात्र पैसे भरून पक्कं तिकीट काढलं होतं, तिला खेटे नकोत म्हणून.

आत जाताना मी तिच्या पर्समधून तिखटाची पुडी काढून घेतली. "कस्टमवाले खाण्याचं काही आत नेऊ देत नाहीत."

"मग मारायची वेळ आली तर काय रिकाम्या हाताने मारू?"

"मारू नकोस. पळ."

"या गुडघ्यांनी?" म्हणाली, आणि गेली. मागे वळून बघायची तिला सवय नव्हती.

आठवड्याने फोन. लाइन खराब, मी उजव्या कानाला रिसीव्हर दाबून उभा.

"अहो, इथून निघणाऱ्या विमानात पाय ठेवायला जागा नाही. अख्खं फिजी निघालंय. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जिथे घेतील तिथे. स्टँडबायला कुणी विचारत नाही."

मी तिथेच कपाळावर हात मारला. आम्ही दोघं एअरपोर्टवर जन्म घालवलेली माणसं. विमान तिकडे मोकळं का जातंय ते दोघांनाही दिसत होतं. तेच विमान परत येताना कसं येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शाळा शिकलेल्या माणसाने असली चूक केली नसती, कारण त्याच्याकडे स्टँडबायच नसतं.

"मग आता?"

"आता काय. तिचं पक्कं आहे, तिला पाठवते. ती ऐकत नाही, पण बसवते. मी राहीन तिच्या घरात. तुम्ही तिला घ्यायला जा, आणि थंडीचा कोट घेऊन द्या. तिच्याकडे सगळं सुती आहे."

म्हणजे आणायला गेलेली तिथे अडकली, आणि जिला आणायचं ती एकटी आली. इमिग्रेशनवाल्याने मेहुणीला इतका वेळ बसवून ठेवलं की माझी शिफ्ट बुडाली. मग ती बाहेर आली. आमच्या लग्नात फ्रॉक घालून माझे जोडे पळवणारी पोर, ती आता चाळिशीची बाई. तोंडात पुढे खिंड, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. पहिलं वाक्य हे :

"भाऊजी, केस कुठे गेले?"

"हाउन्सलोत. दात कुठे गेले?"

"लौटोकात."

आम्ही दोघं हसलो. घरी आल्यावर दारावरची फळी तिने बघितली. कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती फळीवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "ताई म्हणाली होती, तिकडे सुरक्षित आहे."

"ताई तुला आणायला काहीही बोलली असती."

शनिवारी दुपारी मी तिला कोट घ्यायला हाय स्ट्रीटला नेलं. कोट घेतला, चांगला जाड, तांबडा. तो घालून, आत साडी, अशी ती माझ्याबरोबर बसस्टॉपवर उभी. स्टॉपवर आणखी सात-आठ माणसं. फुटबॉलची मॅच होती त्या दिवशी, पबमधून पोरं बाहेर पडत होती. चौघे आमच्याकडे आले. काय बोलले ते लिहीत नाही, माझा एकच कान चालतो, तरी तेवढं पुरलं. एकाने मेहुणीच्या कोटाखालून लोंबणारा पदर धरला आणि ओढला. कुत्र्याची साखळी ओढतात तसा. ती दोन पावलं फरफटली.

मी त्याचा हात धरला. बस, तेवढंच केलं. पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. फुटपाथ गालाला लागला तो थंड होता. मग बूट. बुटाचं टोक बरगडीत शिरतं तेव्हा आवाज आतून येतो, बाहेरून नाही. एकजण माझ्या हातावर उभा राहिला आणि उभा राहून सिगरेट पेटवायला लागला. स्टॉपवरची माणसं बसचं वेळापत्रक वाचत होती. सात-आठ माणसं, एक वेळापत्रक.

मग एक आवाज आला, कपबशी फरशीवर पडावी तसा. मी मान वर केली. मेहुणीने प्लास्टरचा हात खांद्यामागे नेला होता आणि पदर ओढणाऱ्याच्या तोंडावर पूर्ण वजनाने आणला होता. त्याचं नाक एका बाजूला गेलं होतं. तो नाक धरून वाकला, तर तिने वरून डोक्यात दुसरा घाव घातला, मग मानेवर तिसरा. मारताना ती ओरडत नव्हती. शिवीही देत नव्हती. मशीनवर टीप मारतात तशी मारत होती. पांढरं प्लास्टर तांबडं झालं आणि फुटलं. बाकीचे तिघे त्याला ओढून घेऊन पळाले. तेवढ्यात बस आली, वेळापत्रक वाचणारे सगळे तिच्यात चढले आणि गेले.

पोलीस आला तो आधी तिच्याकडेच. हातातलं काय आहे ते दाखव म्हणाला.

"हात आहे," ती म्हणाली.

मी बसल्या जागेवरून सांगितलं, साहेब, प्लास्टर आहे, हात मोडलाय. तो म्हणाला, मोडलेला दिसत नाही.

हॉस्पिटलात मात्र पुन्हा मोडलेला निघाला. माझ्या दोन बरगड्या गेल्या. प्लास्टर घालणाऱ्या नर्सने विचारलं, हे कसं मोडलं? मेहुणीने मला विचारलं, "भाऊजी, पहिलं सांगू की दुसरं?"

दुसऱ्या दिवशी हिचा फोन. मी काही सांगणार नव्हतो. रिसीव्हर मेहुणीने डाव्या हाताने ओढून घेतला.

"ताई, इकडे यायचं असेल तर नीट ऐक. अंधारात बाहेर पडू नकोस. उजेडातही नको. टोळक्यापासून लांब राहा. पबजवळ थांबू नकोस. पोलिसांशी वाद घालू नकोस... नाही, मी फिजीचं सांगत नाहीये. भाऊजींच्या बरगड्या गेल्यात... हो, माझा तोच हात... अगं रडतेस काय, त्याचं नाक बघायला हवं होतंस!"

ही नाताळात आली. नाताळच्या दिवशी कुणी उडत नाही, त्यामुळे स्टँडबायला जागा असते, हे आम्हाला माहीत होतं, एवढं तरी होतं. तोपर्यंत तिने तिथे सहा आठवडे काढले. रविवारी तर तिथे लष्कराने सगळंच बंद केलं होतं, बस नाही, दुकान नाही, समुद्राकाठी बसायचंही नाही. वर तिला तो डासाचा ताप आला. डॉक्टर पलीकडच्या गल्लीत, पण कर्फ्यू. बहिणीच्या रिकाम्या घरात ती एकटी हाडं आवळून पडली होती. हे तिने आल्यावर सांगितलं. एअरपोर्टवर ती बाहेर आली तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी दिसत होती. समोर आम्ही दोघं, मी छातीला पट्टा आवळलेला, मेहुणी नव्या प्लास्टरात.

"हे स्वागत आहे का?" ती म्हणाली.

पुढचे दोन-तीन महिने घरात बरं चाललं. बहिणी एका पलंगावर झोपायच्या, मी सोफ्यावर. हिने मेहुणीला नवे दात बसवून घेतले. इथेच ठेवून घ्यायचं, वकील गाठायचा, किचनमध्ये चिकटवायचं, सगळं हिने ठरवून टाकलं. ज्या दिवशी प्लास्टर निघालं त्या दिवशी जेवताना मेहुणी म्हणाली, "ताई, मी परत जाते."

हिच्या हातात पोळी होती. ती तिने ताटात ठेवली, उठली आणि बहिणीच्या मुस्काटात मारली. नवे दात हलले असतील अशी. मी मधे पडायला गेलो तर मलाही ढकललं.

"मी तिथे मरत पडले होते! तुझ्यासाठी! पाणी द्यायला कुणी नव्हतं!"

"माहीत आहे."

"मग कशाला जातेस? पुन्हा मार खायला? तुला लाज नाही?"

मेहुणी गाल चोळत बसली. मग म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं लिहितो, "ताई, तिथे मला ज्याने मारलं तो कोण हे मला माहीत आहे. फळकुट ज्याच्या हातात होतं, त्याच्या आईचे झगे मी शिवते. रविवारच्या चर्चचे, पांढरे. तिचं माप मला तोंडपाठ आहे. मी तिच्या दारात जाऊन उभी राहू शकते, म्हणू शकते, बघ, तुझ्या पोराने काय केलं. इथे मला ज्याने ओढलं, त्याच्या आईचं दार कुठलं? तू वीस वर्षं इथे राहिलीस. भाऊजींचा कान फोडला त्याची आई तुला माहीत आहे?"

हिने ताट उचललं आणि मोरीत आपटलं. त्या आठवड्यात दोघी बोलल्या नाहीत. मेहुणीच्या विमानाच्या दिवशी हिने शिफ्ट बदलून घेतली नाही. मीच तिला सोडायला गेलो. जाताना मेहुणीने तांबडा कोट काढून माझ्या हातात दिला. तिकडे काय करू म्हणाली, आणि सुती साडीत कुडकुडत आत गेली.

खरंच गेली ती त्या दारात. महिन्याने फोनवर सांगितलं. त्या बाईने आधी दार लावून घेतलं. मेहुणी पायरीवर बसून राहिली. रविवार आला, बाई चर्चला निघाली, तरी मेहुणी पायरीवर. सगळी वस्ती बघायला लागली. मग त्या बाईने आत जाऊन पोराला बाहेर काढलं. सहा फुटी गडी, त्याला भर रस्त्यात झाडूने झोडपला. त्याची पाठ फुटली तरी थांबेना, शेवटी मेहुणीनेच धरली तिला. तो मशीन खांद्यावर घेऊन दुकानापर्यंत आला आणि मांडून गेला. एक पाय मोडलेला होता मशीनचा.

ही ऐकताना हसत होती, डोळे पुसत होती. मग तिने विचारलं, "माफी मागितली का गं त्याने?"

"नाही," मेहुणी म्हणाली. "आणि दातही आणले नाहीत."

दोघींची भेट त्यानंतर झाली नाही. जाऊ, जाऊ म्हणत वर्षं गेली. मग माझी नोकरी संपली, तिच्याबरोबर स्टँडबाय संपलं. मग हिच्या पोटात गाठ निघाली, आणि ती गाठ त्या चौघांपेक्षा वाईट. बुटांनी मारतात ते थकून थांबतात तरी. हिला शेवटी उलटं-सुलटं कसंही ठेवलं तरी दुखायचं. मला शिव्या घालायची, डॉक्टरला घालायची, मग झोपायची. एका सकाळी शिव्या आल्या नाहीत.

मेहुणी आली. इथे जाळायला नंबर लागतो, थांबावं लागतं, म्हणून तिला पोचता आलं. पेटी आत सरकली, पडदा पडला. मेहुणी पडद्याकडे बघत राहिली आणि जोरात म्हणाली, "आणायला आली होती मला, बया." बाकीचे वळून बघायला लागले. बघू देत.

ती निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारचं जेवत होतो. तिने भाजी वाढली आणि म्हणाली, "भाऊजी, चला माझ्याबरोबर. वरची खोली मोकळी आहे. इथे तुमचं कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"शेजारी बोलतात?"

"एक मांजर येतं."

"मग?"

"हिला जिथे जाळली ती जागा इथून दोन बस बदलून आहे. मी रविवारी जातो."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

"मग राहा," म्हणाली.